खिडक्या दिवाळीत नाही, रोहिणीत

मायच्या खिडकीजवळ खिळ्याला एक दाभण टांगलेलं असतं. पोती शिवायचं, लोखंडी, टोकाशी जरा वाकडं. घरी आलेला माणूस विचारतोच, हे इथे कशाला? तूर पोत्यात भरायच्या दिवसांत घरभर दाभणाची शोधाशोध होते, तरी त्या खिळ्यावरच्या दाभणाला कोणी हात लावत नाही. बायकोनं त्यासाठी दर्यापूरच्या बाजारातून वेगळं आणलं. आज त्या दाभणाविषयी आणि घरातल्या खिडक्यांविषयी लिहायचं आहे. रोहिणी नक्षत्र लागून दोन दिवस झाले, मृग दहा-बारा दिवसांवर आला, आणि वर्षातून एकदा सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे काच जिच्यात सरकते त्या खालच्या पन्हाळीत, नीट हात घालायचा तर तो आत्ताच.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात. घर दोन तुकड्यांचं. पुढचं आबाजीनं बांधलेलं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. त्याला पाच सागवानी खिडक्या, लाकूड परतवाड्याहून आणलेलं, मेळघाटचं. मागच्या दोन खोल्या आम्ही २०१४ मध्ये सिमेंटच्या काढल्या. त्यांना चार सरकत्या खिडक्या, अल्युमिनियमच्या, तीन ट्रॅकच्या. दोन ट्रॅकवर काचेची शटरं, तिसऱ्यावर मच्छरांची जाळी.

माझी माय ८४ वर्षांची. चार वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायात पहिल्यासारखा जोर आला नाही. तिची बाज मागच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीला लावून ठेवली आहे. तिथून पांदण, म्हणजे वावरांकडे जाणारी वाट, दिसते. कोण वावरात गेलं, कोणाचा ट्रॅक्टर फसला, कोणाच्या सुनेचा भाऊ घ्यायला आला, हे मला संध्याकाळी तिच्याकडून कळतं. खिडकी दोन दिवस बंद राहिली की तिचं बोलणंही कमी होतं.

खुबा मोडल्यानंतरचा पहिलाच पावसाळा. जुलैची रात्र, झड लागलेली. अडीचच्या सुमारास मायनं हाक मारली, "बापू, उठ रे. माह्यं अंथरूण ओलं झालं." मला वेगळंच काही वाटलं. दिवा लावून पाहतो तर खिडकीच्या कट्ट्यावरून पाण्याची बारीक धार गादीत उतरत होती आणि ती बाजेच्या दुसऱ्या कडेला अंग चोरून पडली होती. किती वेळापासून असं विचारलं, तर म्हणाली, "लय वेळ झाला. तू दिवसभर डवरणी करून झोपला होता, मंग काय उठवू तुले?" हे वाक्य मला अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मी काचेला बोल लावला, रबराला लावला. सिलिकॉनची नळी आणून चौकटीभोवतीच्या सगळ्या फटी बुजवल्या. रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पाऊस चालू असताना खिडकीशी स्टूल घेऊन बसलो आणि नुसतं पाहत राहिलो. काचेतून थेंब येत नव्हता. भिंतीतूनही येत नव्हता. खालचा ट्रॅक मात्र बांधाच्या कडेच्या नालीसारखा काठोकाठ भरला होता, आणि वाऱ्याचा झोत आला की वरचं पाणी आतल्या बाजूला सांडत होतं.

बाहेर जाऊन पाहिलं. ट्रॅकच्या बाहेरच्या काठाला दोन टोकांशी नखाएवढी दोन भोकं होती. आठ वर्षांत ती कधी माझ्या डोळ्यात भरली नव्हती. एक पुट्टी मारणाऱ्यानं भिंतीबरोबर पांढरं करून बंद केलेलं. दुसऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. घरातून दाभण आणलं, खुपसलं, फिरवलं. आधी माती आली, मग कापसाचा काळा पडलेला बोळा, तुरीचं कुटार म्हणजे भुसा, मुंगळ्यांचे पंख, आणि त्यामागून सगळं पाणी गळगळ आवाज करत बाहेर पडलं. आतून मायचा आवाज आला, "निघालं व्हय?"

तेव्हा मला जे समजलं ते इथे नीट सांगतो, कारण गावात दहातल्या आठ जणांना ते ठाऊक नसतं. सरकती खिडकी पाणी पूर्ण अडवत नाही. शटर सरकायचं तर फट लागणारच, आणि फटीतून वाऱ्याचा पाऊस ट्रॅकमध्ये येणारच. म्हणून ट्रॅकची आतली भिंत उंच ठेवतात, बाहेरची ठेंगणी, आणि बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतात. पाणी ट्रॅकमध्ये उतरावं आणि तिथून बाहेर जावं, अशी ही सोय आहे. भोक बुजलं की ट्रॅकची टाकी होते. तीन ट्रॅकच्या खिडकीत मधल्या रुळांनाही भोकं लागतात, नाहीतर आतल्या पन्हाळीतलं पाणी बाहेरच्या पन्हाळीत जाणार कसं? ती भोकं एका रेषेत नसावीत, थोडी मागेपुढे असावीत, म्हणजे वारा सरळ आत शिरत नाही. आमच्या दोन खिडक्यांना मधली भोकं पाडलेलीच नव्हती. मी ड्रिलनं पाडली, बारीक बीट लावून, सावकाश. कीस पुसून घेतला आणि भोकाच्या कडा कानशीनं मारल्या, कारण कडेला धार राहिली की तिथेच कापूस अडकतो.

सिलिकॉनविषयीही सांगतो. मी घाबरून बाहेरची खालची फटही सिलिकॉननं भरली होती, म्हणजे पाण्याची उरलेली वाटही मीच बंद केली. ते नंतर ब्लेडनं काढायला अर्धा दिवस गेला. सिलिकॉन चौकट आणि भिंतीच्या मध्ये हवं. पाणी निघायच्या जागी त्याचा ठिपकाही नको.

आता रोहिणीचं. आपल्याकडे खिडक्यांची सफाई म्हणजे दिवाळी. काचा चमकल्या पाहिजेत, जाळीवर धूळ नको, लक्ष्मीपूजनाला घर उजळलेलं पाहिजे. ते करावंच, आमच्याकडेही होतं. पण ट्रॅकसाठी दिवाळी ही चुकीची वेळ आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी होते, थ्रेशरचं कुटार गावभर उडतं. दसऱ्यानंतर कापूस घरात येतो, आणि बाजारभाव वाढायची वाट पाहत आमच्याकडे तो फेब्रुवारीपर्यंत, कधी मार्चपर्यंत आतल्या खोलीत छतापर्यंत रचलेला राहतो. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि जिथे ओल किंवा वंगण असेल तिथे जाऊन बसतात. मग तूर, मग हरभरा, मग चैत्र-वैशाखातली वावटळ. दिवाळीत धुतलेला ट्रॅक होळीपर्यंत बुजलेला असतो, आणि पाऊस तर जूनमध्ये येतो. रोहिणीत, २५ मेच्या पुढे, कापूस गेलेला असतो, मळण्या झालेल्या असतात, आणि ट्रॅकमधली काळी माती हाडासारखी कोरडी असते. एकदा मृग बरसला की हीच माती डिंकासारखी चिकटते.

म्हणून पहिला नियम: आधी कोरडं. पाण्याचा थेंबही न लावता. मी रंगाचा जुना इंची ब्रश घेतो, केस अर्धे कापून आखूड केलेला, म्हणजे तो ताठ राहतो. टोकाकडून मधल्या दिशेनं माती ओढायची आणि सुपलीत घ्यायची. कोपऱ्यात दातांचा ब्रश. रुळांच्या बुडाशी बसलेली ढेकळं दाभणाच्या बाजूनं फोडायची, टोकानं ओरखडायची नाहीत. मग सायकलचा हवेचा पंप. भोकांवर बाहेरून तोंड लावून चार दट्टे मारले की आतला गाळ उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय हे करू नका. मायला त्या वेळेपुरतं पुढच्या खोलीत नेतो, कारण तिला दम्याचा त्रास आहे आणि या धुळीत सगळ्या वर्षाचं गाव असतं.

कोरडं झाल्यावर ओलं. ट्रॅकमध्ये बोट जात नाही, फडकं नुसतं वरून फिरतं. त्यासाठी मी तुऱ्हाटी वापरतो. तुरीची अंगठ्याएवढी जाड काडी घ्यायची, विळ्यानं एक टोक चपटं तासायचं, त्यावर जुन्या बनियनची चिंधी गुंडाळायची. हे हत्यार पन्हाळीत बरोबर बसतं, धातूला ओरखडा काढत नाही, मोडलं तर दुसरं कुपात उभं आहेच. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब पुरतात. शेवटी साध्या पाण्याची चिंधी, मग कोरडी.

धुण्याचा सोडा वापरू नका. संडास-मोरीचं ॲसिडही नको. अल्युमिनियमला दोन्ही चालत नाहीत, रंग उडतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग तो धूळ अधिक धरतो. चुन्याचंही तेच. आमच्याकडे पोळ्याच्या आधी जुन्या भिंतींना चुना मारतात, त्याचे शिंतोडे खिडकीच्या चौकटीवर वाळले तर कायमचे डाग राहतात. ओला चुना किंवा ओलं सिमेंट पडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, उद्यावर टाकायचं नाही. चुना मारायच्या दिवशी मी चौकटींवर खताच्या पिशव्या उलट्या करून, धुऊन, चिकटपट्टीनं लावून ठेवतो.

तेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खिडकी नवी असताना दोन वर्षांनी शटर जड झालं. शेतकऱ्याच्या घरात वंगण म्हणजे ट्रॅक्टरचा ग्रीस. मी बोटानं तो सगळ्या रुळांवर फासला. आठ दिवस खिडकी लोण्यासारखी सरकली. नंतर कापूस घरात आला. जानेवारीपर्यंत ग्रीस, तंतू आणि माती यांचं मिळून घोंगडीसारखं जाड आवरण झालं, ते चाकांना गुंडाळलं आणि शटर जागचं हलेना. रॉकेलच्या चिंधीनं ते काढताना बायको म्हणाली, "अजी, तुमी बैलबंडीच्या चाकाले लावते तसं इथं लावलं." तिचं बरोबर होतं. बैलगाडीच्या आखाला ग्रीस चालतो कारण तो आत झाकलेला असतो. खिडकीचा रूळ उघडा आहे, धूळ थेट त्यावर पडते. तिथे जे लावायचं ते कोरडं राहणारं हवं. दर्यापुरात सिलिकॉनचा फवारा मिळतो, तो चिंधीवर मारून रुळावर एक हात फिरवायचा आणि दुसऱ्या चिंधीनं पुसून घ्यायचा. तो नसेल तर पांढरी मेणबत्ती रुळाच्या माथ्यावर दोनदा घासायची. आमच्या तीन खिडक्या मेणबत्तीवरच चालतात.

तरीही शटर जड असेल तर चाकं पाहावी लागतात. शटर दोन्ही हातांनी वर उचलायचं, वरच्या चॅनेलमध्ये जागा असते तेवढं ते वर जातं, मग खालची कड आपल्याकडे ओढायची, की बाहेर येतं. काच जड असते, एकट्यानं करू नये. मी आणि मुलगा मिळून काढतो आणि बाजेवर गोधडी टाकून त्यावर आडवं ठेवतो. खालच्या कडेला दोन बाजूंना दोन चाकं. त्यांच्या आखाला केस आणि कापूस असे गुंडाळलेले असतात की चाक फिरतच नाही, नुसतं घासत जातं. ब्लेडनं गुंडाळा कापायचा, चाक बोटानं फिरवून पाहायचं. चाकाला सपाट डाग पडला असेल तर ते गेलं. जुनं चाक खिशात घालून दुकानात जावं, मापं तोंडी सांगून आणलेलं मी दोनदा परत केलं आहे. शटरच्या बाजूला तळाशी एक स्क्रू असतो, त्यानं चाक वरखाली होतं. शटर तिरकं चालत असेल तर त्यानं सरळ करता येतं. शटरच्या कडेची केसाळ पट्टीही तेव्हाच पाहून घ्यावी. ती झिजून गुळगुळीत झाली की धूळ आणि मच्छर दोन्हींना रस्ता मोकळा. मीटरवर मिळते, खाचेत सरकवली की बसते.

खारपाणपट्ट्यात राहतो म्हणून मिठाविषयी जास्त लिहितो, इतरांनी हे सोडून दिलं तरी चालेल. आमच्या बोअरचं पाणी खारं. प्यायला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण कूलरमध्ये आम्ही बोअरचंच टाकतो, दुसरा इलाज नाही. मार्चपासून जून संपेपर्यंत दुसऱ्या खोलीच्या खिडकीबाहेर कूलर उभा असतो. त्याचे तुषार कट्ट्यावर आणि ट्रॅकवर पडतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं. महिन्याभरात कट्ट्याचा काळा कडप्पा पांढरा होतो. ट्रॅकच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली तर समजावं की लोखंडी स्क्रू, खारं पाणी आणि अल्युमिनियम यांची जुंपली आहे आणि त्यात अल्युमिनियम हरतं आहे. मी आमचे सगळे स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे केले.

पांढरा थर दिसला की लोक घासायला लागतात. आधी साधं पाणी लावून पाहावं. अर्ध्याहून अधिक थर मीठच असतो, तो शहानूरच्या पाण्याच्या दोन चिंध्यांत जातो. जो उरतो तो चुनखडीचा, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावायचा, पाच मिनिटांत पुसून पुन्हा साध्या पाण्यानं धुवायचं. रात्रभर लावून ठेवू नये. तारेची घासणी तर अजिबात नको.

आणि कूलरजवळ काहीही करायच्या आधी त्याचा प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर. पत्र्याचा कूलर, ओला कट्टा आणि हातात ओली चिंधी, असं असताना मी कोणाचंही ऐकत नाही. आमच्या घरात प्लग काढून तो खिडकीच्या गजाला दिसेल असा टांगायचा, मगच हात लावायचा, असा रिवाज पाडला आहे. कूलर ट्रॅकवर टेकवूही नये. त्याच्या वजनानं रूळ वाकतो, आणि वाकलेला रूळ सरळ होत नाही.

काळ्या मातीचं आणखी एक दुखणं. उन्हाळ्यात आमच्या वावराला पडलेल्या भेगेत मनगट जातं, पावसाळ्यात तीच जमीन फुगते. घरही त्याच मातीवर उभं आहे. मागच्या खोलीच्या एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली आहे आणि त्या खिडकीचं शटर ऑगस्टमध्ये अडतं, मार्चमध्ये सुटतं. आधी मी ट्रॅक घासत बसायचो. मग एकदा सुतळीनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा दीड सूत जास्त निघाला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चौकटच काटकोनातून गेली आहे, तिथे सफाई काय करणार? चाकाच्या स्क्रूनं थोडं जुळवून घेतो, हातोडा मारत नाही, आणि छताचं पाणी त्या भिंतीच्या पायाशी मुरणार नाही अशी नाली काढून दिली आहे. तेव्हापासून चीर वाढलेली नाही.

कट्ट्याचा उतार हा बांधतानाच पाहायचा विषय, पण आम्ही पाहिला नव्हता. मायच्या खिडकीचा कडप्पा आतल्या बाजूला कललेला होता, म्हणून ते पाणी गादीत उतरलं. समतल कट्ट्यावर ते निदान तिथेच थांबलं असतं. नंतर गवंड्याकडून कडप्पा उचलून पुन्हा बसवला, बाहेरच्या बाजूला दोन सूत उतार देऊन. भिंतीबाहेर दोन इंच पुढे काढला आणि त्याच्या पोटाखाली कटरनं एक खाच मारून घेतली. ती खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि भिंत ओली करतं. खाचेपाशी थेंब तुटतो आणि खाली पडतो. मिस्त्री म्हणाला, "एवढं कोणी नाई पाह्यत भाऊ." मी म्हटलं, आपण पाहू.

त्या कट्ट्यावर मायचा संसार आहे. चष्मा, माळ, पाण्याचा गडू, पानाची चंची. शिवाय ती चिमण्यांना तांदळाच्या कण्या टाकते. कण्या ट्रॅकमध्ये पडतात, मुंग्या येतात, मुंग्या माती आणतात. बायकोनं एकदा बंद करायला सांगितलं. मी सांगू शकलो नाही. दिवसभर एका जागी पडलेल्या माणसाकडे चार चिमण्या येत असतील तर येऊ द्याव्यात. बाहेरच्या कडेला एक जुनी जर्मनची ताटली तारेनं बांधून दिली, कण्या आता तीत पडतात. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला की झालं.

सागवानी खिडक्यांचं काम रोहिणीत करत नाही, तिकडे फक्त कोरडा हात फिरवतो. त्यांना डिसेंबर-जानेवारी बरा, कोरडी हवा आणि कमी वावटळ. जुना तेलरंग निघाला होता, तो काढताना पाणी लावून घासायचा पॉलिश-कागद वापरला, कोरडा घासला नाही. जुन्या रंगांत विषारी शिसं असायचं, घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पी.पी.एम.ची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत. माझा नातू तेव्हा रांगत होता. ओला चोथा वर्तमानपत्रात धरून लगेच बाहेर नेला. त्यानंतर रंग दिलाच नाही, जवसाचं तेल देतो. आमच्याकडे पूर्वी गव्हा-हरभऱ्यात जवसाच्या ओळी असायच्या, आता क्वचित दिसतात, तेल घाणीवरून आणावं लागतं. चिंधीनं अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं जादाचं पुसून घ्यायचं, आणि आठवडाभर वाळू द्यायचं. जाड थर दिला तर महिनाभर चिकट राहतो आणि मग त्यावर कापूस बसतो.

इथे एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं. लाकडावर पातळ पसरलेलं असतं तेव्हा ती उष्णता उडून जाते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर उष्णता आतच कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, काडी न लावता. डिसेंबरमध्ये आपल्या घरात छतापर्यंत कापूस असतो. मी तेलाच्या चिंध्या अंगणात तारेवर एकेक सुटी वाळत घालतो आणि उरलेल्या पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. त्या रात्री घरात एकही राहू देत नाही. चौकटीच्या बुडाशी उधईची मातीची नळी दिसते का, हेही तेव्हाच बोटानं वाजवून पाहतो. पोकळ आवाज आला की सुताराला बोलावणं.

एका शेजाऱ्यानं सुचवलं होतं, पाठीवरचा फवारणीचा पंप घे, दहा मिनिटांत सगळ्या खिडक्या धुऊन होतील. नाही. तो पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत आणि वॉशरमध्ये औषध राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपल्यापासून फार लांब नव्हतं. पंप गोठ्याशेजारच्या खोलीत कुलपात असतो. कपाशीवर फवारणी चालू असली की वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या आम्ही लावून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कट्टे ओल्या फडक्यानं पुसतो. ते फडकं घरात दुसऱ्या कामाला घेत नाही.

काल मायची खिडकी केली. नेहमी तिचीच पहिली करतो. कोरडं झालं, ओलं झालं, मेणबत्ती घासली, जाळी अंगणात आडवी टाकून धुतली. मग भोकांची परीक्षा. तिला उशीला टेकवून बसवलं आणि मी पांदणीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिनं कट्ट्यावरचा गडू उचलला, दोन्ही हातांनी, आणि ट्रॅकमध्ये सावकाश ओतला. डाव्या भोकातून लगेच धार आली. उजव्यातून आली नाही.

"आलं काय रे?"

"एकातून आलं. थांब माय."

दाभण घेतलं. आत वाळलेल्या मातीचा एवढासा खडा होता, मागच्या सप्टेंबरनंतरच्या कुंभारमाशीचा असेल. तो पडला.

"आता टाक."

तिनं उरलेलं पाणी ओतलं. दोन्ही धारा कडप्प्याच्या खाचेशी तुटून खाली पडल्या. आतून ती म्हणाली, "आता आलं. ऐकू येऊन राह्यलं मले." रिकामा गडू तिनं बाहेर धरला, भरून आणायला.

तिच्या खोलीतली दुसरी खिडकी आज होईल. कूलरची राहील, ती कूलर उतरल्यावर.